दीडपटीचा हिशेब

टॅबलेटच्या खोक्यावर दोन आकडे ठळक छापलेले असतात. पडदा किती इंचाचा, आणि त्यावर ठिपके किती. दुकानदार या दोन आकड्यांवर माल विकतो, गिऱ्हाईकही तेच दोन आकडे शेजाऱ्याला सांगतो. पण त्या पडद्यावर एखादं अक्षर प्रत्यक्षात केवढं उमटेल, हे त्या आकड्यांत कुठंच सरळ लिहिलेलं नसतं. त्याला तिसरा आकडा लागतो, आणि तो खोक्यावर छापायची रीत नाही. संगणकवाले त्याला डिव्हाइस पिक्सेल रेशो म्हणतात. पानावर ज्याला एक ठिपका म्हणायचं, त्याच्यासाठी काचेवरचे किती ठिपके खर्ची पडतात, असा तो भागाकार. आम्ही तिघं भावंडं, दोन भाऊ आणि एक बहीण. यातल्या कुणाचाही हा धंदा नाही. तरी हा आकडा आम्हाला काढावा लागला, तो अम्मीच्या डोळ्यांसाठी आणि अब्बांच्या एका कर्जासाठी.

दरेकसा हे स्टेशन बहुतेकांनी झोपेतच ओलांडलेलं असतं. मुंबई-हावडा मार्गावर गोंदिया सुटलं की आमगाव, सालेकसा आणि मग दरेकसा. पुढं जंगल, घाट, आणि छत्तीसगड. पावसाळ्यात हाजरा धबधबा पाहायला येणारी पोरं उतरतात, माघ पौर्णिमेला कचारगडच्या गुहेकडे जाणारे गोंड भाविक लांबलांबून येतात. एरवी गाडी थांबली तरी चढणारे-उतरणारे हातावर मोजावेत. अब्बा इथं रेल्वेत गँगमन म्हणून आले आणि इथलेच झाले. नोकरी दक्षिण पूर्व रेल्वेची. २००३ मध्ये बिलासपूरचा वेगळा झोन झाला तोवर ते निवृत्त होऊन घरी बसलेले होते. जिल्हाही तोवर बदलला होता. १९९९ मध्ये भंडाऱ्यातून गोंदिया निघाला, आणि पुढच्याच वर्षी पलीकडचा मध्य प्रदेश छत्तीसगड झाला. अब्बा म्हणायचे, आपण जागचे हललो नाही, पाट्याच हलल्या.

घरात आमची दखनी वळणाची बोली, दाराबाहेर मराठी, छत्तीसगडी आणि गोंडी, शाळेत मराठी. अब्बांच्या वहीतही तसंच होतं. शेर, दुआ, नातेवाइकांचे जन्म-मृत्यू हे सगळं उर्दूत, उजवीकडून डावीकडे. देण्या-घेण्याचा हिशेब मात्र मराठीत, कारण तो दुकानदाराला आणि पाड्यावरच्या माणसाला दाखवायचा असे. एकच वही, दोन्ही बाजूंनी उघडणारी. मध्ये दोन्ही मजकूर एकमेकांना भेटत, तिथं दोन पानं कोरी सोडलेली.

मय्यतीच्या वेळी घरचा माणूस पुढं येऊन विचारतो की मरहूमकडे कुणाचं काही येणं असेल तर सांगा. आपल्या सगळ्यांच्या घरची ही रीत. अब्बांच्या जनाज्याच्या वेळी भाईजाननं विचारलं. दोघं पुढं आले, त्यांचं त्याच आठवड्यात दिलं. पण जंगलातल्या पाड्यांवर ही विचारणा पोचली नव्हती. अम्मीला ते ठाऊक होतं. दर वर्षी रमजान आला की ती म्हणायची, वही पाहा, वही पाहा. आम्ही पाहायचं ठरवलं तेव्हा पत्र्याच्या पेटीत वाळवी शिरून गेली होती. जेवढी पानं उलगडली तेवढी नागपूरला नेऊन स्कॅन केली, एका इंचाला ३०० ठिपके या हिशेबानं. वहीचं पान ५ इंच रुंद, म्हणजे चित्र १५०० ठिपके रुंद. मूळ कागद त्यानंतर हाताळण्याजोगा राहिला नाही.

स्कॅनवरून छापून घेतलेली पानं अम्मीला दिली. शाई तपकिरी पडलेली, कागदही तपकिरी. छपाईत दोन्ही एक झाले. शिवाय तिच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसरा आधीपासून कमजोर. घरातल्या बल्बच्या उजेडात तिला ओळीच दिसेनात. उजेड कागदावर पडण्याऐवजी कागदातूनच यायला हवा होता. म्हणून टॅबलेट. भाईजानच्या मुलानं तो गोंदियाहून घेतला आणि खोक्याचा फोटो आम्हाला पाठवला: पडदा १०.४ इंच, ठिपके २००० गुणिले १२००.

आम्ही तिघं तीन गावी, टॅबलेट दरेकशाला. तिथं मोबाइलला कधी रेंज असते, कधी टेकडीवर जावं लागतं. वहीची पानं मोठ्या फायलींची. ती मेमरी कार्डात भरून गाडीनं पाठवणं हाच सोयीचा मार्ग होता. म्हणजे कार्ड इथून निघण्याआधी पानं तिथल्या काचेवर बरोबर बसतील अशी तयार हवीत. आणि अम्मीची अट एकच: अक्षर अब्बांच्या हाताएवढंच दिसलं पाहिजे. दोन बोटांनी ताणून मोठं करायला तिला जमत नाही. बोटं आखडलेली आहेत आणि पान सटकलं की ती वैतागते. त्याहून मोठं कारण असं, की हस्ताक्षर ओळखणारा माणूस ते मापासकट ओळखतो. एखाद्याची सही भिंतीएवढी करून दाखवली तर त्याच्या बायकोलाही क्षणभर परकी वाटेल.

आता हिशेब. पहिली पायरी शाळेतली. पडद्याचे इंच तिरके, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजतात. तेव्हा ठिपकेही तिरके मोजायचे. २००० चा वर्ग ४० लाख, १२०० चा १४ लाख ४० हजार, बेरीज ५४ लाख ४० हजार. त्याचं वर्गमूळ २३३२ आणि वर थोडं. त्याला १०.४ नं भागलं की २२४. म्हणजे या काचेच्या एका इंचात २२४ ठिपके. २०११ मध्ये सरकारनं गाजावाजा करून आणलेला ‘आकाश’ टॅबलेट आठवत असेल. ७ इंच, ८०० गुणिले ४८०. त्याच रीतीनं त्याचे निघतात १३३. त्या काळी ‘राष्ट्र्य’सारखं जोडाक्षर अशा काचेवर का गुदमरायचं, ते या आकड्यात दिसतं. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज २००० बरोबर आलेला ‘मंगल’ हा र. कृ. जोशी यांचा टाइप असल्याच जाडसर ठिपक्यांच्या पडद्यांसाठी होता. तो कागदावर थोडा अवघडलेला दिसे, पडद्यावर मात्र वाचता येई.

दुसरी पायरी शाळेत नसते. अँड्रॉइडनं इंचाला १६० ठिपके हे मूळ माप धरलं आहे. त्या काचेवर पानाचा एक ठिपका म्हणजे काचेचा एक ठिपका; भागाकार १. इंचाला ३२० असतील तर २, ४८० असतील तर ३. मग आमचे २२४ भागिले १६० म्हणजे १.४. कोणाही सरळ माणसाला इथं हिशेब संपला असं वाटेल.

तो संपत नाही, कारण बनवणारे लोक खरा भागाकार क्वचितच ठेवतात. त्यांच्याकडे ठरलेल्या पायऱ्या आहेत: १२०, १६०, २१३, २४०, ३२०, ४८०, ६४०. काच कितीही ठिपक्यांची असो, ती यांपैकी एका पायरीवर बसवायची. २०१२ मध्ये गूगलचा नेक्सस ७ आला. ७ इंच, १२८० गुणिले ८००, म्हणजे इंचाला २१६; त्याला २१३ च्या पायरीवर बसवला, भागाकार १.३३. दुसऱ्या वर्षी त्याच नावाचा नवा आला, १९२० गुणिले १२००, इंचाला ३२३. तो ३२० वर बसला, भागाकार २. आमचे २२४ हे २१३ आणि २४० यांच्या मध्ये अडकलेले. जवळ कोण? २१३. मग १.३३ धरायचं का?

इथं आमच्यात दोन दिवस वाद झाला. पुण्याचा भाऊ छापखान्यात काम करतो. त्याचं म्हणणं, पायरी जवळची पाहू नका, भागाकार पूर्ण जातो का ते पाहा. १२०० ला १.५ नं भागलं तर नेमके ८००. १.३३ नं भागलं तर ९०१ आणि पुढं काही. ८०० रुंदीचं पान हे जुनं, रुळलेलं माप आहे. बनवणारा ते सोडून ९०१ च्या मागं कशाला लागेल? हा तर्क आम्हाला पटला. पण तर्क पटणं आणि आकडा कळणं यात फरक आहे. ॲपलच्या बाबतीत तर १६० नं भागून काही हाती लागत नाही. त्यांचा ९.७ इंची आयपॅड १०२४ गुणिले ७६८ होता, इंचाला १३२, भागाकार १. २०१२ च्या मार्चमध्ये ठिपके दुप्पट केले, २०४८ गुणिले १५३६, भागाकार २. त्याच वर्षी ७.९ इंची आयपॅड मिनी आला, इंचाला १६३, आणि भागाकार पुन्हा १. म्हणजे मोठ्यावरचं पान जसंच्या तसं छोट्यावर आलं आणि प्रत्येक अक्षर जवळजवळ एकपंचमांशानं लहान झालं. खोक्यावरून हिशेब करणाऱ्यानं बनवणारा कोण आणि त्याची पायरी कोणती, हे आधी विचारलं पाहिजे.

अब्बा असते तर त्यांना हा भागाकार समजवावा लागला नसता. दरेकशाच्या घाटातून जाणारी लाइन मुळात मीटर गेज होती. नागपूर-छत्तीसगड रेल्वे १८८०-८२ मध्ये अशी टाकली गेली, आणि बंगाल नागपूर रेल्वेनं ती घेऊन १८८८ पर्यंत ब्रॉडगेज केली. रुळांमधलं अंतर १००० मिलिमीटरचं १६७६ झालं. दरेकसा ते सालेकसा अंतर तेवढंच राहिलं. गोंदिया जंक्शनात तर सातपुड्याची ७६२ मिलिमीटरची छोटी गाडी आमच्या डोळ्यांदेखत मोठ्या गाडीशेजारी उभी असायची; गावं तीच, तिकीट तेच, डबा वेगळा. पानाची मापं ही स्टेशनांमधल्या अंतरांसारखी आहेत. खालचं गेज बदललं तरी ती बदलू नयेत, एवढ्यासाठीच हा भागाकार.

दुसरा दाखला उर्दूच्या बाजूचा. अब्बांनी लहानपणी तख्तीवर मुलतानी माती फासून बोरूनं गिरवलं होतं. बोरूचं टोक तिरपं कापतात, त्याला कत म्हणतात, आणि त्या टोकानं एकदा टेकवून उमटतो तो चौकट शंकरपाळ्यासारखा नुक्ता. कातिबाचं सगळं माप त्या नुक्त्यात. नस्तालीकमध्ये अलिफ तीन नुक्ते उंच. पातळ बोरूनं पोस्टकार्डावर लिहा किंवा जाड बोरूनं मशिदीच्या कमानीवर, अलिफ तीन नुक्तेच. दहाव्या शतकात बगदादच्या इब्न मुक्लानं अरबी अक्षरांना नुक्त्याचं प्रमाण घालून दिलं असं मानतात. पडद्याच्या पानाचा ठिपका हा त्या नुक्त्याचा आजचा भाऊबंद. काचेचा ठिपका म्हणजे कागदाचा धागा. कातिब धागे मोजत नव्हता. आणि उर्दूत नुक्ता हरवला तर काय होतं ते आपल्या वाचकांना सांगायला नको. खालचा एक ‘बे’चा, खालचे तीन ‘पे’चे, वरचे दोन ‘ते’चे. खुदा आणि जुदा यांच्यात एका नुक्त्याची जागा तेवढी वेगळी.

हे १६० आलं कुठून, हा प्रश्न आमच्या बहिणीनं काढला. ती गणिताची शिक्षिका, तिला मूळ लागतं. वेबपानांचे नियम ठरवणारी डब्ल्यूथ्रीसी ही संस्था ठिपक्याची व्याख्या डोळ्यापासून सुरू करते: इंचाला ९६ ठिपक्यांचा पडदा हातभर अंतरावर, म्हणजे २८ इंचांवर धरला तर एक ठिपका डोळ्याशी जेवढा कोन करील, तेवढा. बहिणीनं त्रैराशिक मांडलं. इंचाला १६० ठिपके असतील तर तोच कोन होण्यासाठी पडदा किती जवळ हवा? २८ गुणिले ९६ भागिले १६०; उत्तर १६.८ इंच. हातात पुस्तक धरून बसल्यावर साधारण एवढंच अंतर असतं. ते ठरवताना कुणी हाच हिशेब केला होता की नाही ते राहू द्या, जुळतं मात्र छान. अम्मीचं अंतर मात्र वीतभर आणि चार बोटं, फूटभर म्हणा. म्हणजे तिला तेच अक्षर जवळजवळ १.४ पट मोठं दिसणार. व्याख्येतला वाचक धडधाकट डोळ्यांचा आहे.

भागाकार कळला की पान कसं बसवायचं तेही कळतं. ५ इंच रुंद पान खऱ्या मापात दिसायला काचेचे ५ गुणिले २२४, नेमकं सांगायचं तर ११२१ ठिपके लागतात. टॅबलेट उभा धरला तर रुंदी १२००, म्हणजे पान मावतं. १५०० ठिपक्यांचं स्कॅन आम्ही ११२१ वर आणलं. आता पानाला सांगायची रुंदी: भागाकार १.५ असेल तर ७४७. असं केलं की चित्राचा एकेक ठिपका काचेच्या एकेका ठिपक्यावर जाऊन बसतो, मध्ये कुणाची ढवळाढवळ नाही. पण भागाकार १.३३ निघाला आणि आपण ७४७ च सांगितले, तर ११२१ चं चित्र ९९४ ठिपक्यांत कोंबलं जाईल. दर नऊ ठिपके आठांत. अक्षर नवव्या हिश्शानं लहान, आणि बारीक रेघा एकमेकींत मिसळलेल्या. छापलेल्या पुस्तकात एवढं चालून गेलं असतं. अब्बांच्या टाकाची बारीक रेघ काचेचे जेमतेम दोन ठिपके जाड होती. तिथं चालणार नव्हतं.

टॅबलेट हाताशी असता तर ब्राउझरलाच एका ओळीत विचारता येतं की बाबा तुझा भागाकार किती. ती ओळ आम्ही चाचणीच्या पानात घातलीही. पण कार्डातली फाइल ज्या साध्या दर्शकात उघडत होती तो असल्या ओळी चालवतच नाही. त्या जागी पान कोरंच दिसलं. आम्ही धरूनच चाललो होतो की असं होऊ शकतं. म्हणून त्याच पानावर एक काळी आडवी पट्टी काढून ठेवली होती, पानाच्या मापानं ४८० ठिपके लांब. बहिणीनं आधीच तक्ता करून ठेवला: पट्टी ८१ मिलिमीटर आणि थोडी वर भरली तर भागाकार १.५, ७६ भरली तर १.४, ७२ भरली तर १.३३. भाच्याला सांगितलं, डिस्प्ले साइझच्या सेटिंगला हात लावू नकोस, कारण ती मोठी केली की भागाकारच बदलतो. अक्षर मोठं करायची सेटिंग वेगळी असते, ती फक्त टाइप केलेल्या मजकुराला लागते. आणि कंपासपेटीतली पट्टी घे.

संध्याकाळी त्याचा टेकडीवरून फोन. “चच्चा, आठ सेंटीमीटर आणि वर दीड रेघ.”

दीड. छापखान्यातल्या भावानं दोन दिवस हा आकडा मिरवला.

दीडपटीत एक खोड असते, तीही सांगून टाकतो. दुपटीत पानाच्या एका ठिपक्याला काचेचे चार ठिपके येतात, दोन आडवे दोन उभे, भांडण नाही. दीडपटीत सव्वादोन येतात. सव्वादोन ठिपके पेटवता येत नाहीत. म्हणून एक ठिपका जाडीची रेघ कुठं एका ठिपक्याची होते, नाहीतर कडेला करडी सावली घेऊन येते. देवनागरीत हे लगेच डोळ्यात भरतं, कारण आपली शिरोरेषा पानभर आडवी धावते. टाइप केलेल्या उताऱ्यासाठी आम्ही म्हणूनच जरा ठळक अक्षर निवडलं आणि माप २४ ठेवलं, म्हणजे काचेचे ३६. चित्राला हा त्रास नव्हता.

कार्ड गाडीनं गेलं. अम्मीसमोर टॅबलेट ठेवायला भाचा रिहाल आणायला निघाला तर तिनं हाक मारून थांबवलं. ती कशासाठी आहे ते ठाऊक आहे ना? मग गव्हाच्या डब्यावर उशी, उशीवर टॅबलेट. आधी तिनं उर्दूची पानं पाहिली. किती वेळ, ते भाच्यानं सांगितलं नाही. चहा दोनदा गार झाला एवढंच म्हणाला. मग मराठीची.

वाद होता तो एका नोंदीवर. १९७४ मधली पेरणीच्या दिवसांतली. पाड्यावरच्या एका गोंड शेतकऱ्याकडून धानाचं बियाणं घेतलं, पैसे देणे. नाव स्पष्ट होतं. ते इथं लिहीत नाही, त्यांच्या घरच्यांना तसं विचारलेलं नाही. आकडा मात्र १५ की ९५? आम्हा तिघांत दोघांना पहिला अंक एक वाटत होता, एकीला नऊ. मराठीचे हे दोन अंक हातानं लिहिताना भावासारखे दिसतात. वरची गाठ सारखी, खालची शेपटी सारखी, फरक काय तो मध्ये पडणाऱ्या एका झटक्याचा. घरच्या मोठ्या पडद्यावर पान तिप्पट करून पाहिलं तर झटका आणि शाईचा फराटा एकसारखेच दिसत होते. मोठं करण्यानं अक्षर जवळ येतंच असं नाही.

अम्मीनं बोट ठेवलं आणि म्हणाली, “नौ है यह. तुम्हारे अब्बा का एक झुकता नहीं था.” त्यांचा एक सरळ उभा असायचा, रुळाकडेच्या खांबासारखा, नऊ मात्र पुढं वाकलेला, चोच काढलेला. तिनं मागच्या पानांवरचे आणखी चार नऊ दाखवले. भाच्यानं फोटो काढून पाठवले. एकदा दाखवल्यावर आम्हालाही तेच दिसू लागलं. त्या चोचीची जाडी काचेचे दोन ठिपके. १.३३ धरून पानं पाठवली असती तर ती चोच राहती की मिटती, हे सांगता येत नाही, आणि आम्हाला ते करून पाहायचंही नाही.

मग दुसरा भागाकार निघाला. १९७४ चे ९५ रुपये आज किती? छापखान्यातला भाऊ म्हणाला, तेव्हा त्यात किती धान येत होतं ते काढू आणि आजच्या भावानं देऊ. बहिणीला ते पटलं. अम्मीनं फोनवर ऐकून घेतलं आणि विचारलं, हे व्याजाच्या वासाचं तर होत नाही ना? तिचा हिशेब असा ठरला: कर्ज ९५ रुपये, ते ९५ च द्यायचे, वेगळ्या पाकिटात, कर्ज म्हणून सांगून. आणि त्याच्या शेजारी धानाचं एक पोतं, हदिया म्हणून सांगून. दोन्हींची बेरीज करायची नाही. आम्हाला अजूनही वाटतं की धानाच्या भावाचा हिशेब चुकीचा नव्हता. पण नवरा तिचा, कर्जही तिच्याच घरचं.

कर्ज देणारे केव्हाच वारले होते. नातू आता सरहद्दीपलीकडे छत्तीसगडात शेती करतो. भाईजान मोटरसायकलवर पोतं बांधून गेला. त्या घरात या येण्याची कुणाला आठवण नव्हती. एकदा कुणा रेल्वेवाल्या मुसलमानाकडे आपली माणसं ईदला जायची एवढं तिथल्या म्हातारीला आठवत होतं. नातवानं धान ठेवून घेतलं. पाकीट उघडून ९५ रुपये पाहून तो हसला आणि हे कशाचे, म्हणून विचारलं. भाईजाननं मोबाइलवर त्या नोंदीचा फोटो दाखवला. त्यानं आजोबांचं नाव वाचलं, पुन्हा वाचलं, आणि फोटो आपल्याकडे मागून घेतला. त्याचा मोबाइल छोटा, ठिपके दाट. तिथं ते पान अंगठ्याएवढं दिसत असणार.

वहीतली आणखी तीन देणी अम्मीनं वाचून दिली आहेत. दोन फिटली आहेत, पुढं अब्बांच्याच हाताची रेघ आहे. तिसऱ्याचा माणूस शोधायचा आहे. पेटीत तळाशी दुसरी वही सापडली, लांबोडकी, दुकानदारांच्या कीर्दीसारखी. तिचं पान साडेसहा इंच रुंद. उभ्या टॅबलेटवर ते मावत नाही, काच तिथं ५.३५ इंचच आहे. आडवा धरला तर जवळजवळ ९ इंच मिळतात, पण मग पान वर-खाली सरकवावं लागेल. तेव्हा एकेक पान दोन तुकड्यांत द्यायचं असं ठरलं आहे. रुंदी काचेची १४५८, पानाची ९७२. बहिणीनं तपासून दिले आहेत. कार्ड या आठवड्यात निघेल.